‘सायको’चा खेळ लावताना: प्रत, अंधार आणि जुनी परीक्षणं

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) फिल्म क्लबात दाखवणं सोपं वाटतं. डिस्क मिळते, लांबी १०९ मिनिटं, नाव ऐकूनच लोक येतात. पण खेळ संपल्यावरची चर्चा बहुतेक वेळा दोन वाक्यांत आटपते: शॉवरचा सीन भारी आहे, आणि त्या काळच्या समीक्षकांना तो कळलाच नाही. पहिलं वाक्य अपुरं आहे, दुसरं बरंचसं चूक. हा चित्रपट दाखवायचा कसा हे हिचकॉकने ठरवून टाकलं होतं, आणि समीक्षकांची चिडचिड काही अंशी त्या ठरवण्यातूनच आलेली होती. त्यामुळे खेळ आणि परीक्षणवाचन एकाच बैठकीत बसवलेलं बरं. ते कसं बसवायचं ते पुढे दिलं आहे. कथानक सगळं उघड केलेलं आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो बघा.

प्रत

अनेक वर्षं अमेरिकी प्रतींमधून तीन ठिकाणचे मिळून काही सेकंद गळालेले होते. मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीतल्या भोकातून मुक्कामाला आलेल्या मॅरियनला कपडे उतरवताना पाहतो तो शॉट, शॉवरमधल्या तिच्या खुनानंतरचा त्याच्या रक्ताळलेल्या हातांचा शॉट, आणि जिन्याखाली पडलेल्या खासगी गुप्तहेर आर्बोगास्टवरचे जास्तीचे वार. जर्मनीत दाखवल्या जाणाऱ्या प्रतीत हे तुकडे शाबूत राहिले होते. २०२० साली, चित्रपटाला साठ वर्षं झाली तेव्हा निघालेल्या डिस्कवर ते परत जोडले गेले. मिळाली तर तीच प्रत घ्या. डब्यावरच्या मिनिटांवरून ती ओळखता येत नाही, कारण फरक सेकंदांचा आहे. आर्बोगास्टचा प्रसंग चालवून पाहा. सुरा उगारला जातो न जातो तोच दृश्य मिटत असेल, तर हातात जुना कट आहे.

युरोपात निघालेल्या जुन्या डीव्हीडी टाळा. त्यांत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, म्हणून चित्रपट १०५ मिनिटांच्या आतच संपतो. ती चार मिनिटं गेली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, पण बर्नार्ड हरमनच्या संगीताचा सूर हार्मोनियमच्या जवळपास पाऊण पट्टीने चढतो. हे संगीत फक्त तंतुवाद्यांचं आहे. तालवाद्य नाही, फुंकवाद्य नाही. सूर चढला की ते किरटं ऐकू येतं आणि धारेऐवजी कर्कशपणा तेवढा उरतो.

चौकट १.८५ : १ ची हवी. आजच्या टीव्हीवर वरखाली बारीकशी काळी पट्टी दिसली तर प्रत बरोबर. जवळपास चौकोनी चित्र म्हणजे जुनी टीव्हीची प्रत. तिच्यात वरखाली जास्त दिसतं खरं, पण ते थिएटरात दाखवण्यासाठी नव्हतंच.

ध्वनीच्या मेनूत मूळ मोनो निवडा. काही डिस्कवर नंतर तयार केलेलं सहा वाहिन्यांचं मिश्रण असतं आणि प्लेअर आपोआप तेच उचलतो. सबटायटल्स लावायची असतील तर साधी इंग्रजी लावा. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्समध्ये बोलणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि या चित्रपटात कोण बोलतंय हेच तर शेवटपर्यंत झाकलेलं आहे. नॉर्मनच्या आईचा आवाज एका व्यक्तीचा नाही. व्हर्जिनिया ग्रेग, जनेट नोलन आणि पॉल जॅस्मिन अशा तिघांचे आवाज त्यासाठी वापरले. इतकी खटपट छापील नावाने वाया घालवू नका.

जाता जाता एक रुक्ष गोष्ट. घरगुती डिस्क विकत घेतली म्हणून सार्वजनिक खेळाची परवानगी मिळत नाही. ती आधी मिळवा, आणि शाळकरी मुलांसाठी हा खेळ लावू नका.

खोली

काळोख पुरेसा नसेल तर काळा-पांढरा चित्रपट करडा होतो. खिडक्यांना दुहेरी काळं कापड, दाराच्या फटीला पट्टी, प्रोजेक्टरचा दिवा भिंतीवर पडत असेल तर त्यावर पुठ्ठा. मग तीन जागा चालवून बघा: मॅरियन रात्री पावसात गाडी चालवते तो भाग, दलदलीत गाडी बुडवण्याचा प्रसंग आणि शेवटचं तळघर. पावसात समोरच्या दिव्यांचे पांढरे धब्बे पसरत असतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा. दलदलीत नॉर्मनचा चेहरा मागच्या अंधारात मिसळून जात असेल तर ब्राइटनेस एक-दोन अंशांनी वाढवा. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि ‘व्हिव्हिड’ मोड दोन्ही बंद. ही गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली तर शॉवरच्या प्रसंगातले तुकडे एकमेकांत लिबलिबीत मिसळतात आणि कापाकापीचा धक्काच जातो.

आवाजाची पातळी शॉवरच्या प्रसंगावर लावू नका. ती लावायची मोटेलच्या मागच्या खोलीतल्या गप्पांवर, जिथे भुसा भरलेल्या पक्ष्यांमध्ये बसून नॉर्मन आणि मॅरियन सँडविच खातात. तिथलं हळू बोलणं शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचलं की पातळी झाली. त्यानंतर बटणाला हात लावायचा नाही. नेहमी होतं काय, की व्हायोलिन किंचाळली की यंत्राजवळ बसलेला माणूस दचकून आवाज उतरवतो, आणि पुढची वीस मिनिटं संवाद ऐकूच येत नाहीत. एका विश्वासू माणसाला तिथे बसवा, त्याला आधीच सांगून ठेवा.

दार बंद

‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, हा नियम पॅरामाउंट या वितरक कंपनीने थिएटरांवर करारानेच घातला होता. अमेरिकेत तेव्हा लोक वाटेल तेव्हा आत शिरायचे आणि पुढच्या खेळात तिथपर्यंत आलं की उठून जायचे. इथे तसं चालणार नव्हतं, कारण मॅरियन झालेली जनेट ली ही ठळक नावाची नटी पाऊण तास होऊन गेल्यावर, ४७ मिनिटांच्या आसपास, मारली जाते. उशिरा आलेला माणूस शेवटपर्यंत तिचीच वाट पाहत बसला असता. कल्पना अगदी नवी नव्हती. फ्रेंच दिग्दर्शक क्लुझोच्या ‘ले दियाबोलिक’ने (१९५५) अशीच बंधनं घातली होती आणि शेवट फोडू नका अशी विनंतीही पडद्यावर केली होती. हिचकॉकने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. थिएटरवाल्यांसाठी हा चित्रपट कसा सांभाळावा याची छापील पुस्तिका काढली, रांगेत उभ्या लोकांसाठी ध्वनिमुद्रित सूचना केल्या.

तुम्हीही दार बंद करा. सहाचा खेळ असेल तर सहाला दोन वाक्यांची ओळख, सहा वाजून पाच मिनिटांनी दार बंद, मग कोणीही आलं तरी नाही. ओळखीत दिग्दर्शकाचं नाव, वर्ष आणि फोन बंद करण्याची विनंती एवढंच. ‘महत्त्वाचा’, ‘इतिहास घडवणारा’ वगैरे शब्द मुळीच नकोत. डिस्कचा मेनूही पडद्यावर येऊ देऊ नका. त्याच्या पार्श्वभूमीला बऱ्याचदा नेमका तोच प्रसंग फिरत असतो. पहिल्या फ्रेमवर थांबवून ठेवा आणि मगच प्रोजेक्टर उघडा.

त्या पुस्तिकेतली एक सूचना जशीच्या तशी पाळण्यासारखी आहे: शेवट झाला की पडदा मिटा, पण सभागृह अर्धा मिनिट अंधारात ठेवा. घड्याळ लावून ३० सेकंद मोजा. दहाव्या सेकंदाला कोणीतरी हसतं, विसाव्याला कोणीतरी दिवा लावा म्हणतं. लावू नका.

पूर्ण कार्यक्रमाला साडेतीन तास हॉल धरा. चित्रपट १०९ मिनिटं, चहाला दहा, तुकडे परत बघायला पंचवीस, परीक्षणांना पाऊण तास.

परत चालवायचे तुकडे

पाचपेक्षा जास्त तुकडे काढू नका. शॉवरचा प्रसंग सगळ्यात शेवटी ठेवा, नाहीतर बाकीच्यांकडे कोणी बघणार नाही.

पहिला तुकडा अगदी सुरुवातीचा. फिनिक्स, ॲरिझोना, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं, असं पडद्यावर येतं. इतका नेमका वार आणि वेळ कशाला? एक साधं कारण आहे. फिनिक्सच्या रस्त्यांवर घेतलेल्या चित्रणात नाताळची सजावट दिसत होती, ती खपवायला डिसेंबरची तारीख टाकली. मॅरियन पैसे घेऊन निघते आणि सिग्नलला तिचा साहेब गाडीसमोरून जातो, तिथे थांबवून मागे बघा, सजावट सापडेल. त्याच ओघात तिचे अंतर्वस्त्र आणि पर्स बघा: ४०,००० डॉलर उचलण्याआधी पांढरी, नंतर काळी.

दुसरा तुकडा दलदलीचा, आणि यासाठी सगळ्यात जास्त वेळ ठेवा. नॉर्मन गाडी चिखलात ढकलतो. ती बुडू लागते आणि अर्ध्यात अडकते. संगीत नाही. नॉर्मन इकडेतिकडे बघतो, चघळणं थांबवतो. मग गाडी खाली जाते. इथे चित्र थांबवून एकच प्रश्न विचारा: गाडी अडकली तेव्हा ती बुडावी असं किती जणांना वाटलं? हात वर होतात. आत्तापर्यंत आपण ज्या बाईबरोबर होतो तिचंच प्रेत डिकीत आहे आणि आपण ते लपवणाऱ्याच्या बाजूने झालो आहोत. पुढे रॉबिन वुडसारख्या समीक्षकाने जे मांडलं त्याचा गाभा इथे, कुठल्याही सिद्धांताशिवाय, लोकांच्या हाती लागतो.

तिसरा, आर्बोगास्ट जिना चढतो तो. हिचकॉक आजारी होता त्या दिवशी सहायकांनी रेखाटनांप्रमाणे रेलिंगवरचा हात, पायऱ्यांवरची पावलं असे जवळचे शॉट घेतले. हिचकॉकने ते काढून टाकले, कारण तशा शॉटमुळे चढणारा माणूसच काहीतरी पाप करायला निघाल्यासारखा वाटतो. मग कॅमेरा एकदम छताजवळ का जातो, हेही विचारा. आईचा चेहरा लपवायचा आहे हे झालं एक उत्तर. दुसरं असं, की उंचावरच्या लहान आकृतीनंतर लगेच रक्ताळलेला चेहरा पडदाभर आला की धक्का दुप्पट बसतो.

चौथा, मानसोपचारतज्ज्ञाचं भाषण. यावर आजही मतं फाटतात. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने हे भाषण जवळजवळ सगळं कापायला हवं होतं असं लिहिलं. एक बाजू अशीही आहे की इतकं नीटस स्पष्टीकरण ऐकवून लगेच नॉर्मनचा चेहरा दाखवला की ते स्पष्टीकरण तोकडं पडतं. भाषण न दाखवता थेट नॉर्मनच्या कोठडीवर जाऊन बघा, म्हणजे वाद तोंडी राहणार नाही. शेवटच्या विरघळत्या शॉटमध्ये नॉर्मनच्या चेहऱ्यावर कवटीचे दात उमटतात, ते फ्रेम थांबवूनच दिसतात.

आता शॉवर. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. ओटीटी ॲपवर हे जमत नाही, म्हणूनही डिस्क हवी. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सात दिवस आणि सत्तर कॅमेरा-मांडण्या (कॅमेरा नव्याने लावून घेतलेली चित्रणं) असा आकडा सांगितला होता. आता ७८ मांडण्या आणि ५२ काप (कट) हा आकडा जास्त चालतो. लोकांना स्वतः मोजू द्या, पण मोजणी कुठून कुठपर्यंत हे आधी ठरवा: पडदा सरकवला जातो तिथून खुनी दाराबाहेर जातो तिथपर्यंत, की न्हाणीच्या सुरुवातीपासून डोळ्याच्या शॉटपर्यंत? हे न ठरवल्यामुळेच आकडे जुळत नाहीत. पोटाजवळच्या एका शॉटमध्ये सुऱ्याचं टोक कातडीला टेकलेलं दिसेल. ‘सुरा कुठेच लागत नाही’ हे पाठ केलेलं वाक्य तिथे अडखळतं. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, वारांचा आवाज खरबुजाचा. प्रसंग एकदा आवाज बंद करूनही चालवा. हिचकॉकला इथे संगीत नकोच होतं. हरमनने ते लिहिलं, ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं.

परीक्षणं

परीक्षणाच्या प्रती चित्रपटाआधी वाटू नका. पाच परीक्षणं, प्रत्येकातला एका पानात मावेल इतकाच भाग, तारखेच्या क्रमाने. भिंतीवर मोठा कागद लावून रकाने आखा: तारीख, वृत्तपत्र, समीक्षकाने चित्रपट कुठे आणि कोणाबरोबर पाहिला, लिहायला किती वेळ मिळाला, तक्रार कशाची (अभिरुचीची, कारागिरीची की कथेच्या तर्काची), तुलना कशाशी, नंतर मत बदललं का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक तोच रिकामा सोडतात.

‘सायको’चा समीक्षकांसाठी वेगळा खेळ झालाच नाही. गुपित फुटू नये म्हणून त्यांनाही तिकीटवाल्या गर्दीतच बसावं लागलं. १६ जून १९६० ला न्यूयॉर्कमध्ये चित्रपट लागला आणि दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बॉझली क्राउदरचं परीक्षण आलं. त्याला सूक्ष्मता कमी वाटली, चित्रपट उघडउघड स्वस्तातला वाटला, शेवट फुसका वाटला. यातलं ‘स्वस्तातला’ हे तुलनेच्या रकान्यात घाला. आदल्याच वर्षीचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ रंगीत होता आणि त्याला चाळीस लाख डॉलरच्या वर खर्च आला होता. ‘सायको’ आठ लाखांच्या आसपास, आणि तोही हिचकॉकच्या टीव्ही मालिकेच्या चमूकडून. क्राउदरने निदान चुकवलं नव्हतं. स्वस्तपणा हा दोष की निवड, एवढंच त्याला एका रात्रीत ठरवता आलं नाही. आणि वर्षअखेरीस याच क्राउदरने ‘सायको’ला आपल्या दहा उत्तम चित्रपटांच्या यादीत घातलं. ही दोन्ही कात्रणं शेजारीशेजारी चिकटवा.

‘एस्क्वायर’ मासिकात ड्वाइट मॅकडोनाल्डने चित्रपटाला ताणलेला टीव्ही कार्यक्रम म्हटलं आणि दिग्दर्शकाच्या मनावरच बोट ठेवलं. ही तक्रार अभिरुचीची. लंडनमध्ये ‘द ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेझ्यून चित्रपट संपायच्या आधीच उठून गेल्या. त्यांनी या चित्रपटामुळे नोकरी सोडली असं चटपटीतपणे सांगितलं जातं. त्या १९२८ पासून तिथे लिहीत होत्या आणि १९६० मध्येच त्यांनी ते काम थांबवलं, एवढं पक्कं. तक्त्यावर दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा, मध्ये ‘म्हणून’ घालू नका.

११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात अँड्रू सॅरिसचं परीक्षण आलं. मधले आठ आठवडे मोजा. त्याने हिचकॉकला अमेरिकेतला सर्वांत धाडसी प्रयोगशील दिग्दर्शक ठरवलं आणि चित्रपट तीनदा पाहावा असं सुचवलं: एकदा भीतीसाठी, एकदा त्यातल्या काळ्या विनोदासाठी, एकदा दडलेल्या अर्थांसाठी. सॅरिस जास्त हुशार होता असा निष्कर्ष घाईने काढू नका. त्याला वेळ मिळाला होता, आणि रांगा लागलेल्या आहेत हे दिसतही होतं. रॉबिन वुडचा लेख ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-नियतकालिकाने नाकारला आणि तो फ्रान्समध्ये ‘काइये द्यू सिनेमा’ या चित्रपट-मासिकात छापून आला, १९६५ मध्ये त्याचं हिचकॉकवरचं पुस्तक आलं. पाचवं पान या लेखाचं ठेवा. गाडी अडकली तेव्हा वर गेलेले हात याच वेळी आठवून द्या.

बक्षिसांचा रकाना छोटा आहे. ऑस्करची चार नामांकनं (दिग्दर्शन, जनेट ली, छायाचित्रण, कला दिग्दर्शन), एकही पुरस्कार नाही. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स आणि संगीतकार हरमन यांना नामांकनसुद्धा नाही. लीला गोल्डन ग्लोब मिळाला. ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या मतदानात २०१२ साली तो ३५ वा होता, २०२२ मध्ये ३१ वा.

जोडीचा चित्रपट

पुढच्या बैठकीत मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ लावा. १०१ मिनिटं, रंगीत. तो लंडनमध्ये एप्रिल १९६० मध्ये, ‘सायको’च्या दोन महिने आधी लागला, आणि ब्रिटिश समीक्षकांनी त्याची इतकी चिरफाड केली की पॉवेलची तिथली कारकीर्द जवळपास संपली. त्याचं नाव पुन्हा वर आलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मार्टिन स्कोर्सेसीच्या पुढाकाराने. हाच तक्ता पुन्हा आखा. समीक्षक डिलिस पॉवेल यांनी १९९४ मध्ये आपलं मत जाहीरपणे मागे घेतलं, त्यामुळे शेवटचा रकाना भरेल. तिसऱ्या रकान्यात मात्र इथे वेगळं उत्तर येतं: दार बंद करण्याचा नियम नव्हता, रांगेला दिलेल्या सूचना नव्हत्या. नावांच्या रकान्यात लेझ्यून परत भेटतील. त्यांना हाही चित्रपट किळसवाणा वाटला होता.